वानरांच्या शाळेत

आमच्या धाकटीने गेल्या मे महिन्यात बोरिवलीच्या एका व्यायामशाळेत नाव घातले, तेव्हा घरात सर्वांत अधिक आनंद कोणाला झाला असेल, तर तो मला. मराठी शिकवणारा माणूस मी! पहिल्याच रात्री पोरीला जेवता जेवता मल्लखांबाचा सारा इतिहास ऐकवून टाकला. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे, इथपासून आरंभ केला. मग दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभटदादा देवधर आले. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांना आव्हान देण्यापूर्वी बाळंभटदादांनी सप्तशृंगीच्या डोंगरावर देवीची आराधना केली आणि साक्षात हनुमंताने त्यांना लाकडी खांबावरची विद्या दाखविली, अशी आख्यायिका आहे. म्हणजे आपल्या मल्लविद्येचा एक गुरू वानर!

"बाबा, भात निवतोय," धाकटी म्हणाली.

पण दोर काही इतिहास मानीत नाही. पूर्वी वेतावर करावयाच्या कसरती आता सुती दोरीवर करतात. दोरीला गाठ नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत ती पकडायची आणि त्या पकडीवर सारा देह तोलायचा. तिसऱ्या आठवड्यात धाकटीची ती चिमटी सुटली. खाली गादी होती म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावले. दोन आठवड्यांनी पट्टी सुटली. भीती मात्र सुटली नाही. रोज जायची, दोरीला हात लावून नमस्कार करायची आणि परत यायची.

मी पुन्हा व्याख्यानाला उभा राहिलो. केरळच्या कळरीपयट्टूत हत्ती, सिंह, घोडा, रानडुक्कर, साप, कोंबडा, मोर अशा प्राण्यांच्या नावाने पवित्रे असतात, हे सांगितले. रानडुकरासारखे अंग जमिनीलगत ठेवले की धडक कशी जोरकस बसते, तेही सांगितले. चीनमध्ये वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या चालींवरून रचलेला व्यायाम हुआ तुओ नावाच्या जुन्या वैद्याच्या नावावर आहे, हेही सांगितले. आपल्या तालमीतले हनुमान दंड, वृश्चिक दंड तर होतेच. शेवटी म्हणालो, "हनुमंताने समुद्र ओलांडला, आणि तू दोरीला भितेस?"

पोर रडू लागली. सौभाग्यवतींनी माझ्याकडे जे पाहिले, ते कोणत्याही पवित्र्यात बसण्यासारखे नव्हते.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही नॅशनल पार्कातून कान्हेरीला गेलो. शंभरावर लेणी तिथे. पण धाकटी एका झाडाखालीच थबकली. वर काळ्या तोंडाच्या वानरांचा कळप होता. लोक सरसकट माकडे म्हणतात. मराठीने मात्र वानर आणि माकड असा भेद राखला आहे. एक पिल्लू फांदीच्या टोकाला आले होते. पुढची फांदी हातभर लांब. ते पुढे झुके, मागे सरे. आई जवळच बसली होती. ना ओढी, ना ढकली. पिल्लाने ती फांदी दोनदा हाताने ओढून पाहिली. हात पक्का बसला, तेव्हाच मागच्या पायाची पकड सोडली.

"बाबा, ते पण घाबरतंय," धाकटी हळूच म्हणाली. "पण घाबरून पाय सोडत नाही."

वाचकहो, बाराव्या शतकापासून आरंभ करणारा मी तिथे गप्प झालो. लहानपणी मीही तालमीत जात होतो. खांबावरून एकदा पडलो, आणि पुन्हा त्या उंबऱ्यात पाऊल टाकले नाही. घरी सांगितले, अभ्यास फार आहे. ती थाप इतकी जुनी झाली होती, की मलाच खरी वाटू लागली होती. परतीच्या बसमध्ये ती मी मुलीला सांगितली. ती हसली नाही. माझा हात तिने हातात घेतला, एवढेच.

दुसऱ्या दिवशी तिने व्यायामशाळेतल्या सरांना विचारले, "आधी फक्त खाली उतरायला शिकवाल?"

सर मला म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, वर तर हौसेने कोणीही जातो. उतरायचे माहीत असले, की माणूस वर निर्धास्त राहतो." कमरेएवढ्या उंचीवरून चिमटी, उतरणे, पुन्हा चिमटी, असा महिना गेला.

२०१९ साली पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा आपल्या शिवाजी पार्कवर झाली. धाकटी तशा स्पर्धेत उतरेल की नाही, याची चिंता मी सोडली आहे. नवरात्रात ती दोरीच्या टोकापर्यंत गेली. मी खाली उभा होतो. तोंडातून एक शब्दही काढला नाही. कान्हेरीच्या त्या वानरीपासून मी एवढे शिकलो आहे.

उतरल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी येताय?"

आमच्या व्यायामशाळेत सकाळी सहाला मोठ्यांचा वर्ग असतो. दिवाळीनंतर जावे म्हणतो.