मानेतल्या धमनीची भिंत पारखणारे चुंबक

कंठमण्याच्या एका बाजूला दोन बोटे हलकेच टेकवून पाहा. ठोके लागतील. ही मेंदूकडे रक्त नेणारी धमनी. अशी एक डावीकडे आणि एक उजवीकडे असते. डॉक्टर तिला 'कॅरोटिड' म्हणतात.

वय वाढते तसा या धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचू लागतो. यालाच धमनीकाठिण्य म्हणतात. विडी, तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातली जादा चरबी यांनी त्याला खतपाणी मिळते. एखाद्या दिवशी थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि तिचा तुकडा वाहत मेंदूत जाऊन अडकतो. मग धडधाकट माणसाच्या अंगावरून वारे जाते. अर्धांगवायूच्या कारणांपैकी हे एक मोठे कारण आहे.

तुम्ही म्हणाल, पाइपलाइनमध्ये गाळ साचला की पाणी कमी येते आणि लगेच कळते. तसे इथेही कळेल. पण धमनीचे तसे नाही. थर भिंतीच्या आत वाढतो आणि सुरुवातीला भिंत बाहेरच्या बाजूला फुगते. रक्ताची वाट तेवढीच राहते. शिकागोचे डॉक्टर ग्लॅगोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली हृदयाच्या धमन्यांबाबत हे दाखवून दिले. थराने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत वाट फारशी अरुंद होत नाही, असे त्यांना आढळले. आंब्याच्या खोडात भिरूड शिरला तरी झाड काही काळ हिरवेगार दिसते, तसाच हा प्रकार.

म्हणून आता डॉक्टर भिंतीकडेही पाहू लागले आहेत. त्यासाठी एमआरआय यंत्र उपयोगी पडते. या यंत्रात क्ष-किरण नसतात. मोठे चुंबक आणि रेडिओलहरी असतात. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. त्याच्या कणांकडून येणारे संकेत टिपून संगणक चित्र काढतो. हे तंत्र उभे करणाऱ्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मानेच्या तपासणीत वाहते रक्त काळे दिसेल अशी योजना करतात. त्यामुळे भिंत उठून दिसते. थरात चरबी किती, आत रक्तस्राव झाला आहे का, वरचे आवरण पातळ झाले आहे किंवा फाटले आहे का, याचा अंदाज येतो. आत रक्तस्राव झालेला थर जास्त धोक्याचा समजतात.

मात्र ही तपासणी सरसकट सर्वांसाठी नाही आणि प्रत्येक केंद्रात होतेही असे नाही. आधी सोनोग्राफीसारखी डॉपलर तपासणी करतात. डॉक्टरांना गरज वाटली तरच पुढे जायचे. जाताना मंगळसूत्र, जोडवी, किल्ल्या काढून ठेवा. हृदयात पेसमेकर असेल, शरीरात धातूची पट्टी असेल किंवा वेल्डिंग करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर आधीच सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तोही सांगा. यंत्राचा आवाज मोठा असतो, पण दुखत काही नाही. स्वस्थ पडून राहायचे.

दोष सापडला तर उपाय आहेत. चरबी आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्याव्या लागतात. वाट फारच अरुंद झाली असेल, तर काही रोग्यांत शस्त्रक्रियेने थर काढतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. तोंड एकाएकी वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर उतारा, तेलमालीश यात वेळ दवडू नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन योग्य रोग्याला साडेचार तासांच्या आतच देता येते. त्रास पाच-दहा मिनिटांत आपोआप गेला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

आणि येत्या बाजाराच्या दिवशी एवढे करा. घरातल्या तिशीपुढच्या सर्वांना, मिश्री लावणाऱ्या आजीलाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.