पुराचे पाणी आणि मोटारीचे एंजिन

इ. स. २०१५ च्या डिसेंबरच्या आरंभी चेन्नई शहरावर असा पाऊस कोसळला की, चेंबरंबाक्कम जलाशयातून पाणी सोडणे भाग पडले आणि अडयार नदी काठ सोडून वस्तीत शिरली. पाणी ओसरले तेव्हा रस्त्यांच्या कडेला आणि इमारतींच्या तळघरांत हजारो मोटारी चिखलाने माखून उभ्या होत्या. त्यांपैकी पुष्कळ बाहेरून धडधाकट दिसत होत्या. अशा वेळी मालकाचा हात साहजिकच किल्लीकडे वळतो. हा मोह तेवढा आवरला पाहिजे. उभ्या मोटारीचे बंद एंजिन पाण्यात बुडाले, तरी ते बहुधा दुरुस्त होण्याजोगे असते; ते कायमचे मोडते ते चालू करून पाहण्याच्या प्रयत्नात.

याचे कारण समजण्यासाठी एंजिनाच्या पोटात काय चालते ते पाहू. सिलिंडर नावाच्या पोकळ नळकांड्यात एक दट्ट्या वरखाली सरकत असतो. कारागीर त्याला पिस्टन म्हणतात. तो खाली येताना हवा आत ओढतो, वर जाताना तिला दाबतो. मग इंधन पेटते, दट्ट्या जोराने खाली लोटला जातो आणि पुन्हा वर येताना जळलेला वायू बाहेर ढकलतो. १२०० घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल एंजिनात दट्ट्याच्या एका फेरीत ३०० घन सेंटिमीटर हवा येते. संपीडनाचे प्रमाण दहास एक असेल, तर दट्ट्या अगदी वर पोहोचल्यावर त्याच्या माथ्यावर उरणारी जागा असते अवघी ३३ घन सेंटिमीटर. हवा दबते, म्हणून एवढ्याशा जागेत ती सुखाने मावते. पाणी मात्र दबत नाही म्हटले तरी चालेल. त्याचे आकारमान शंभरांत एका भागाने कमी करावयाचे, तर वातावरणाच्या सुमारे २२० पट दाब लागतो. तेव्हा मोठे दोन-अडीच चमचे पाणी सिलिंडरात शिरले की दट्ट्याची वाट बंद झाली. डीझेल एंजिनात संपीडन अधिक असल्याने ही जागा आणखी लहान असते. तेथे दीड चमचाही पुरतो. या अवस्थेला कारखान्यांतून ‘हायड्रोलॉक’ म्हणतात.

दट्ट्या अडला, तरी फ्लायव्हील नावाचे जड चाक आपल्या वेगात फिरतच असते. एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दर सेकंदास पन्नास. या दोहोंच्या मध्ये सापडतो तो दट्ट्याला भुजादंडाशी जोडणारा संयोगदांडा. तो वाकतो; प्रसंगी तुटून एंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. उभ्या मोटारीत स्टार्टर एंजिनाला सावकाश फिरवतो, म्हणून तेथे कित्येकदा नुसता ‘खट्’ असा आवाज होऊन सारे थांबते. परंतु एका सिलिंडरात पाणी असून बाकीचे पेटले, तर परिणाम तोच. आपल्याकडे बंद गाडी गिअरमध्ये टाकून चारचौघांनी ढकलण्याची जी रीत आहे, ती तर अशा वेळी किल्लीइतकीच घातक. कारण चाके फिरली की भुजादंडही फिरतो.

पाणी आत शिरते कोठून? पुष्कळांचा समज असा की, धूर सोडणाऱ्या मागच्या नळीतून. एंजिन चालू असता त्या नळीतील वायूचा झोत पाण्याला सहसा बाहेरच लोटतो. खरी वाट आहे ती पुढची, हवा ओढून घेणाऱ्या तोंडाची. अनेक मोटारींत हे तोंड पुढच्या जाळीमागे वा दिव्याजवळ असते. चालक घाईने पाणी कापू लागला की मोटारीपुढे लाट उठते आणि गुडघाभर पाणीही त्या तोंडापर्यंत चढते. वाहते पाणी असेल, तर प्रश्न एंजिनाचा राहतच नाही. सुमारे ३० सेंटिमीटर खोलीचा ओघ लहान मोटार वाहून नेऊ शकतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी बंद पडलेल्या मोटारींत अडकून काही माणसे दगावली. दारावर बाहेरून पाण्याचा दाब वाढण्याआधीच माणसाने मोटार सोडली पाहिजे.

पाणी उतरल्यावर पहिले काम म्हणजे बॅटरीची ऋण तार सोडविणे. मग हवेच्या गाळणीची पेटी उघडावी. आतला कागद ओला असेल, तर पाणी पुढे गेले आहे असे धरून चालावे. मोटार न्यूट्रलमध्ये ठेवून, आणि स्वयंचलित गिअरची असल्यास तिची चालक चाके उचलून, ती कारागिराकडे न्यावी. तो स्पार्क प्लग काढतो व भुजादंड पान्याने हातानेच फिरवतो. मोकळ्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात. पाण्याला वाट मिळाली की ते निरुपद्रवी. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरात थोडे तेल सोडतात, नाही तर उघड्या लोखंडावर लवकरच गंज धरू लागतो. समुद्राच्या भरतीचे पाणी असेल, तर गंजण्याची क्रिया अधिक जलद होते.

वंगणाचे तेल हा या प्रकरणातील कमी लक्षात येणारा भाग. पाणी तेलाहून जड, म्हणून ते तळाशी बसते. आणि तेल उपसणाऱ्या पंपाचे तोंडही तळाशीच. एंजिन सुरू केले की धारव्यांना, म्हणजे बेअरिंगांना, पहिला घोट मिळतो तो पाण्याचा. शिवाय दोन्ही घुसळली जाऊन दुधाळ चहासारखे मिश्रण होते. तेलकांडीवर तो रंग दिसला की निदान झालेच. कांडी स्वच्छ दिसली तरीही तळाचा बोल्ट हळूच सैल करून पाहावा. पाणी असेल तर प्रथम तेच येईल. तेल व त्याची गाळणी बदलून, एंजिन थोडा वेळ चालवून पुन्हा एकदा बदलणे शहाणपणाचे. गिअरपेटीचे तेलही पाहावे.

भारतातील नेहमीच्या मोटारविम्यात अशा एंजिनाची भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी वेगळे जोडसंरक्षण घ्यावे लागते. विद्युत्-मोटारींना संयोगदांडाच नसतो. पण त्यांच्या बॅटरीत खारे पाणी गेल्यास पुढे कित्येक दिवसांनीही आग लागू शकते, म्हणून त्या घरापासून दूर उभ्या कराव्या.

सगळे आटोपून एंजिन सुरू झाले, तरी एक तपासणी उरते. संयोगदांडा किंचितच वाकला असेल, तर एंजिन चालते, फक्त तो दट्ट्या पूर्वीइतका वर पोहोचत नाही. दाबमापक लावून चारही सिलिंडर मोजले, तर एकाचाच दाब इतरांहून कमी भरू शकतो. तसे आढळल्यास एंजिन तेथेच उघडावे. तो दांडा पुढे केव्हा तुटेल ते सांगता येत नाही.