चोपन्न वर्षांनी पहिला नंबर

आल्फ्रेड हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ मे १९५८मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा अमेरिकेतल्या समीक्षकांनी त्याचं फारसं कौतुक केलं नाही. चित्रपट लांबलेला आहे, संथ आहे, कथानक पटत नाही, अशा तक्रारी होत्या. ऑस्करसाठी कलादिग्दर्शन आणि ध्वनी या दोनच विभागांत त्याला नामांकन मिळालं, पुरस्कार एकही नाही. २०१२मध्ये ब्रिटनमधल्या ‘साइट अँड साउंड’ या मासिकाने जगभरच्या समीक्षकांना आजवरचे सर्वश्रेष्ठ दहा चित्रपट विचारले. त्यात पहिला आला तो हाच ‘व्हर्टिगो’. चित्रपट तोच होता. मग चोपन्न वर्षांत बदललं काय?

हे समजून घ्यायचं तर आधी ही यादी कशी होते ते पाहायला हवं. मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी हा कौल घेतं. प्रत्येक समीक्षक दहा चित्रपटांची नावं देतो. त्यात क्रम लावला तरी गणतीत त्याला महत्त्व नसतं, प्रत्येक नावाला एकच मत मिळतं. १९५२मध्ये त्रेसष्ट समीक्षकांनी उत्तरं पाठवली आणि व्हित्तोरिओ द सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ पहिला आला. पुढे १९६२पासून २००२पर्यंत सलग पाच वेळा ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ अव्वल राहिला. २०१२मध्ये मतदार होते ८४६. ‘व्हर्टिगो’ला १९१ मतं पडली, ‘केन’ला १५७.

हे आकडे नीट वाचायला हवेत. ८४६पैकी ६५५ समीक्षकांच्या दहांत ‘व्हर्टिगो’ नव्हताच. म्हणजे ‘जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट’ हे बिरुद चारातल्या एकाहूनही कमी मतदारांच्या बळावर मिळालं. यात लबाडी काही नाही. त्या वर्षी दोन हजारांहून अधिक चित्रपटांना किमान एकेक मत होतं. इतक्या विखुरलेल्या मतांत २३ टक्के एका नावावर जमणं ही मोठीच गोष्ट. मात्र तो न्यायालयाचा निकाल नव्हे. एका पिढीच्या समीक्षकांचं लक्ष कुठे एकवटलं आहे, एवढंच त्यातून कळतं.

हे लक्ष ‘व्हर्टिगो’कडे वळलं कसं? पहिलं कारण चित्रप्रकारांच्या उतरंडीत आहे. पन्नासच्या दशकात इंग्रजी समीक्षेत गंभीर सामाजिक चित्रपटाला वरचं पान होतं. मूकपटांतल्या चॅप्लिनचा अपवाद सोडला, तर रहस्यपट, वेस्टर्न, म्युझिकल हे करमणुकीचे कप्पे. हिचकॉक कुशल कारागीर मानला जाई; कलावंत म्हणून त्याच्याकडे बघणारे थोडे. ही उतरंड आधी हलवली ती फ्रेंच समीक्षकांनी. १९५१मध्ये सुरू झालेल्या ‘काइए द्यु सिनेमा’ या मासिकातले फ्रान्स्वा त्रुफोसारखे तरुण म्हणत होते, की स्टुडिओच्या चौकटीत राहून, ठरावीक साच्याच्या गोष्टी सांगतानाही दिग्दर्शक आपली दृष्टी उमटवू शकतो. त्रुफोने १९६२मध्ये हिचकॉकची प्रदीर्घ मुलाखत घेतली आणि १९६६मध्ये तिचं पुस्तक केलं. १९६५मध्ये इंग्लंडच्या रॉबिन वुड यांनी हिचकॉकवर पुस्तक लिहून ‘व्हर्टिगो’ची बारकाईने उकल केली. नुसती स्तुती करून हे झालं नसतं. कॅमेरा कुठे आहे, गुपित प्रेक्षकाला मध्येच का सांगून टाकलं, नायकाचं प्रेम आणि त्याचा हट्ट यांत फरक कुठे उरतो, हे या मंडळींनी दाखवून दिलं. कारणांसह केलेली स्तुती पुढच्या वाचकाला चित्रपट नव्याने पाहायला लावते.

दुसरं कारण उपलब्धतेचं. ‘केन’चा उत्कर्ष त्याने बराचसा समजतो. १९४१च्या या चित्रपटाला हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांचा विरोध होता. फ्रान्समध्ये तो युद्धानंतर, १९४६मध्ये पोहोचला आणि पन्नाशीच्या मध्यावर अमेरिकेत पुन्हा पडद्यावर व टीव्हीवर आला. १९५२च्या पहिल्या दहांत तो नव्हता, दहा वर्षांनी थेट पहिला आला. ‘व्हर्टिगो’चं मात्र उलटं झालं. हक्क हिचकॉककडे होते आणि सत्तरच्या दशकात त्याने तो वितरणातून काढून घेतला. हिचकॉक १९८०मध्ये गेला आणि १९८३च्या सुमारास चित्रपट पुन्हा दिसू लागला. पण ‘व्हर्टिगो’ पहिल्या दहांत आला तो १९८२मध्ये, म्हणजे तो सहज पाहायला मिळत नव्हता तेव्हा! आधी पाहिलेल्यांच्या आठवणींवर आणि वाचलेल्या लेखनावर ती मतं पडली असणार. पुढे १९९२मध्ये चौथा, २००२मध्ये दुसरा, असा तो चढत गेला. मधे १९९६मध्ये त्याची पुनरुज्जीवित प्रत आली होती. लेखनाने दार उघडलं, पण ते उघडं ठेवलं प्रतींनी.

आपल्या ‘पथेर पांचाली’ची गोष्टही इथे आठवते. १९९२च्या यादीत तो सहाव्या स्थानावर होता. सत्यजित राय त्याच वर्षी निवर्तले. पुढच्याच वर्षी लंडनमधल्या प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत त्याच्या मूळ निगेटिव्हचं मोठं नुकसान झालं. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर २०१५मध्ये पुनरुज्जीवित प्रत जगापुढे आली. २०२२मध्ये तो पस्तिसाव्या क्रमांकावर होता. ती प्रत झालीच नसती, तर नव्या पिढीने कशाच्या आधारावर मत दिलं असतं?

तिसरं कारण, मतदार कोण. २०२२मध्ये मतदारांची संख्या सोळाशेच्या पुढे गेली आणि यादी हलली. बेल्जियमच्या शांताल आकेरमान यांचा १९७५चा ‘जान दीलमान’ पहिला आला. स्त्री दिग्दर्शकाचा चित्रपट या जागी येण्याची ही पहिलीच वेळ. एका गृहिणीचा बटाटे सोलण्याचा, भांडी घासण्याचा दिनक्रम दाखवणारा हा दोनशे एक मिनिटांचा चित्रपट. त्याच यादीच्या पहिल्या शंभरांत ‘गेट आउट’ हा २०१७चा भयपट आणि मियाझाकींचे दोन अॅनिमेशनपटही होते. ‘व्हर्टिगो’ला पहिल्या दहांत यायला चोवीस वर्षं लागली होती, ‘गेट आउट’ पहिल्या शंभरांत पाच वर्षांत पोहोचला. उतरंड मोडली नसली तरी तिच्या पायऱ्या आता बुटक्या झाल्या आहेत.

आपल्याकडे १९५४मध्ये पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ते आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला, आणि ते रास्तच होतं. पण गंभीर चित्रपटाला मान आणि विनोदी चित्रपटाला टाळ्या, अशी वाटणी आपल्याही मनात असतेच. ‘अशी ही बनवाबनवी’ला १९८८पासून भरभरून प्रेम मिळालं. त्यातल्या गैरसमजांची साखळी कशी बांधली आहे, एका खोट्यातून दुसरं खोटं कसं उभं राहतं, प्रेक्षकाला पात्रांपेक्षा एक पाऊल पुढे कसं ठेवलं आहे, हे दृश्यागणिक उलगडणारं लेखन आपण किती वाचलं, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

म्हणून श्रेष्ठ चित्रपटांची यादी हाती आली, की पहिल्या नंबरावर वाद घालण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: कोणाला विचारलं, त्यांना काय पाहायला मिळालं होतं, आणि कोणत्या चित्रप्रकाराकडे त्यांनी गांभीर्याने पाहिलं. त्यानंतर यादीत नसलेला, पण आपल्याला मनापासून आवडलेला एक चित्रपट घ्यावा, तो पुन्हा पाहावा आणि का आवडला ते चार पानांत लिहून काढावं. ‘व्हर्टिगो’च्या बाबतीत सुरुवात अशाच थोड्या लोकांनी केली होती.