हवाई भूप्रतिरूपावरून घनफळ: बरगी जलाशयाचे उदाहरण

ड्रोनच्या छायाचित्रांवरून केलेले भूप्रतिरूप संगणकावर उघडले, ढिगाभोवती रेघ ओढली, की घनमीटरमध्ये आकडा हजर होतो. हा आकडा कोणत्या दोन पृष्ठांमधला, हे विद्यार्थी क्वचितच विचारतात. घनफळ एकट्या पृष्ठाचे नसतेच.

गणित सोपे आहे. प्रतिरूपाचे लहान चौरस करायचे, प्रत्येक चौरसात वरच्या उंचीतून खालची वजा करायची, फरकाला चौरसाच्या क्षेत्रफळाने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. खडीच्या ढिगात वरचे पृष्ठ मोजलेले असते, पाया बहुधा गृहीत धरलेला. जलाशयात याच्या उलट: वरची पातळी ठरलेली असते, मोजायची ती जमीन.

जबलपूरजवळ नर्मदेवरचे बरगी धरण घेऊ. पूर्ण संचय पातळी ४२२.७६ मीटर, किमान वापर पातळी ४०३.५५ मीटर. एकूण साठा सुमारे ३,९२० दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त सुमारे ३,१८०. हवेतून पाण्याखालचा तळ दिसत नाही, मग उपयुक्त साठा कसा मोजणार? त्यासाठी तळ दिसण्याची गरजच नाही! पाणी किमान पातळीला असताना उड्डाण केले, तर उघडी जमीन प्रतिरूपात येते. पाणी उरले आहे तिथे १९.२१ मीटर गुणिले त्या पाण्याचे क्षेत्रफळ, एवढेच. पाणी ४१० मीटरला असेल, तर त्याखालचा भाग नावेतून ध्वनिलहरींनी मोजावा लागेल. एक पथ्य मात्र पाळा. चमक आणि लाटांमुळे पाण्यावर छायाचित्रे नीट जुळत नाहीत आणि प्रतिरूपात खोटे उंचवटे येतात. ते काढून तिथे धरणावरच्या मोजपट्टीची पातळी भरा.

आता चुकीकडे वळू. इकडे-तिकडे विखुरलेल्या चुका बेरजेत बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. एकाच दिशेची चूक खोडली जात नाही. समजा, १५० चौरस किलोमीटर उघडी जमीन सगळीकडे १० सेंटीमीटर उंच मोजली गेली. साठा १५ दशलक्ष घनमीटरने कमी दिसेल. उपयुक्त साठ्याच्या तुलनेत हे अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण गाळ काढतात तो दोन सर्वेक्षणांच्या वजाबाकीतून. दोन्हींत अशी चूक विरुद्ध दिशांनी असेल, तर ३० दशलक्ष घनमीटर गाळ केवळ कागदावर साचतो किंवा नाहीसा होतो.

अशी चूक येते कुठून? उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर असते. उभ्या गव्हावर उड्डाण केले, तर पिकाचा शेंडाच जमीन म्हणून मोजला जातो. म्हणून कापणीनंतर, पावसाळ्याआधी मोजणे बरे. दुसरे कारण उंचीचा संदर्भ. उपग्रहावरून मिळणारी उंची लंबगोलाभापासून असते, धरणाच्या पातळ्या समुद्रसपाटीपासून. मध्य भारतात या दोन संदर्भांत ५० मीटरहून अधिक अंतर आहे. रूपांतर करायचे राहिले, तर ते लगेच लक्षात येते. रूपांतरातला दहा-वीस सेंटीमीटरचा फरक लपून राहतो. त्यासाठी नियंत्रण बिंदू धरणाच्याच तलचिन्हाशी लेव्हलिंग करून जोडावेत.

तपासणीसाठी ठेवलेले बिंदू प्रतिरूप बनवताना वापरू नयेत. त्यांवरच्या चुका +८, +११, +९, +१२ सेंटीमीटर आल्या, तर वर्गमध्यमूळ सुमारे १०.१. चुका +१०, −१०, +१०, −१० असल्या, तरी ते १०. अहवालात बहुतेक वेळा हाच आकडा छापतात. पहिल्या संचाची सरासरी +१०, दुसऱ्याची शून्य. घनफळाला बाधते ती ही सरासरी. ती अहवालात नसेल, तर बिंदूंची मूळ यादी मागून स्वतः काढा.