दोन ग्रॅमच्या आत, पन्नासच्या वर

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २ ग्रॅमच्या आत सापडलं तर जास्तीत जास्त १ वर्ष कैद, १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ५० ग्रॅमच्या वर गेलं की कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, शिवाय १ ते २ लाख दंड. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. अमली पदार्थाच्या खटल्यात न्यायाधीशाच्या आधी काटा बोलतो.

पदार्थागणिक मापं बदलतात. हेरॉईनला ५ आणि २५० ग्रॅम, चरसला १०० ग्रॅम आणि १ किलो, गांजाला १ आणि २० किलो. समजा, शहापूर तालुक्यातल्या शेणव्यात एकाच्या गोणीत १९ किलो गांजा सापडला आणि दुसऱ्याच्या २१. पहिल्याला किमान शिक्षेची अट नाही. न्यायाधीश दोन वर्षांवरही सोडू शकतो. दुसऱ्याला दहाच्या खाली काहीच नाही. जामीनही अवघड, कारण अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातल्या कलम ३७ प्रमाणे हा माणूस दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, अशी आधी न्यायालयाची खात्री पटावी लागते. फरक दोन किलोंचा.

त्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की भेसळीसकट सगळं वजन धरायचं. ३०० ग्रॅम पावडरीत हेरॉईन १० ग्रॅमच असलं तरी माप ३०० चं. पुडीत भेसळ जितकी जास्त, तितका आरोपी मोठा. मला हे न्यायाचं वाटत नाही, पण आजचा कायदा हाच आहे.

हा एनडीपीएस कायदा केंद्राचा, १९८५ चा; शहापूर-मुरबाडला लागू तोच नागपूरला आणि पणजीलाही. वजनाची ही उतरंड २००१ मध्ये आली. त्याआधी हेरॉईनची पुडी स्वतःपुरतीच होती हे आरोपीला सिद्ध करता आलं नाही, तर थेट किमान १० वर्षं. एमडी तर या यादीत फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं.

मग राज्याचं काय? १९८१ चा एमपीडीए: सराईताला खटल्याविना १२ महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. आणि १९९९ चा मोक्का: किमान ५ वर्षं, किमान ५ लाख दंड. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अमली पदार्थांचे गुन्हेही मोक्काच्या व्याख्येत घेणारी दुरुस्ती विधिमंडळाने मंजूर केली. पण मोक्का टोळीसाठी आहे. पुडी ओढणारं गावातलं पोर त्यात बसत नाही. त्याच्यासाठी एनडीपीएसचंच कलम २७ आहे: हेरॉईन, कोकेन असेल तर १ वर्षापर्यंत, गांजा असेल तर ६ महिन्यांपर्यंत. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर कलम ६४-अ खाली त्याला या खटल्यातून सूटही मिळते. पोलीस ठाण्यात खेटे घालणाऱ्या आईबापांना हे कलम कुणी सांगत नाही.

मुरबाड-शहापूरकडच्या लोकांनी पाहावीत अशी कलमं निराळीच आहेत. शेतात गांजाचं झाड लावलं तर किलोचा हिशेब नाही. लागवडीला सरळ १० वर्षांपर्यंत. फार्महाऊस भाड्याने दिलं आणि आत काय शिजतंय हे ठाऊक असून मालक गप्प राहिला, तर कलम २५ खाली त्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा. इथे सगळी मदार ‘ठाऊक असून’ यावर आहे आणि वकिलांची झटापटही तिथेच होते. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड असल्याचं माहीत असून जमीनधारकाने कळवलं नाही, तर कलम ४६ लागतं. त्याच्या पुढचं, ४७ वं, सरपंच, पंच आणि इतर गाव-अधिकाऱ्यांचं: गावच्या जमिनीत अशी लागवड असल्याचं कळताक्षणी त्यांनी पोलिसांना सांगायचं. पोलीस पाटलांना हे पाठ असतं, सरपंचाला निवडून येताना कुणी वाचून दाखवत नाही.