पहिल्या फरशीआधीचे गणित

सर्व बाजू आणि सर्व कोन समान असलेल्या एकाच आकाराच्या तुकड्यांनी, कुठेही फट न ठेवता जमीन झाकायची असेल, तर तीनच आकार चालतात: त्रिकोण, चौरस आणि षटकोन. एका बिंदूभोवती 360 अंश भरावे लागतात. या तिघांचे 60, 90 आणि 120 अंशांचे कोन तिथे नेमके बसतात. पंचकोनाचा 108 अंशांचा कोन बसत नाही. आपल्या घरांत यांपैकी चौरस रुळला.

चौरस फरशी काटकोनी असते, खोली मात्र क्वचितच तशी असते. गवंड्यांच्या भाषेत भिंत ‘गुण्यात’ नसते. कोन अवघा एक अंश चुकला, तरी 12 फुटांच्या भिंतीला अडीच इंचांची पाचर पडते. म्हणून कसबी कारागीर भिंतीवर विसंबत नाही. तो जमिनीवर दोरी ताणतो, एका रेषेवर 3 फूट आणि दुसरीवर 4 फूट मोजतो. त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर 5 फूट भरले, की काटकोन पक्का. खोली मोठी असेल, तर 6, 8 आणि 10 फूट घेतो.

दोरीची ही विद्या आपल्याकडे अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम आहे आणि अशा संख्यांची त्रिकुटेही आहेत. यज्ञासाठी रचायच्या श्येनचितीत विटांचे पाच थर, प्रत्येक थरात 200 विटा, आणि खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही, असे बंधन होते. मांडणीचा आराखडा आधी आणि वीट नंतर, ही शिस्त तेव्हापासूनची!

आता तुकड्यांचा हिशेब पाहू. खोलीची रुंदी 372 सेंटिमीटर आणि फरशी 60 सेंटिमीटरची आहे. सांध्यांची जाडी तूर्त सोडून देऊ. सहा अख्ख्या फरश्या मध्यभागी मांडल्या, तर दोन्ही कडांना 6 सेंटिमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्या उरतात. त्या कापताना तुटतात आणि दिसतातही वाईट. मांडणी अर्ध्या फरशीने सरकवली, की मध्ये पाच अख्ख्या फरश्या येतात आणि दोन्ही कडांना 36 सेंटिमीटरचे तुकडे बसतात. खोली तीच, फरशी तीच. एवढ्याशा बदलाने सगळी जमीन नीटनेटकी दिसते.

लाकडासारख्या दिसणाऱ्या लांब फरश्यांची गोष्ट वेगळी. भट्टीत त्या किंचित कमानदार होतात. विटांसारखी निम्म्यावर जोड दिली, तर एकीचा उंच मध्य दुसरीच्या खाली झुकलेल्या टोकाशेजारी येतो आणि पायाला ठेच लागते. म्हणून तिथे जोड लांबीच्या एक तृतीयांशाहून जास्त सरकवत नाहीत. न्हाणीघरात ढाळ आधी ठरतो आणि जाळीकडे उतरणाऱ्या पाण्याच्या वाटेनुसार फरशीचे तुकडे पडतात.

माल कालवल्यावर यातले काहीच सहज बदलता येत नाही. म्हणून घराचे काम काढाल, तेव्हा एक दिवस मांडणीसाठी राखून ठेवा. दारातून आणि हॉलमधून सांधे कसे दिसतील ते ठरवा, खोक्यांवरचे शेड आणि बॅच क्रमांक जुळवा, दोन्ही दिशांना एकेक ओळ कोरडी मांडून पाहा, आणि मगच मिस्त्रींना पहिली फरशी बसवायला सांगा.