चरबी मोजणारा चिमटा

वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याची मोजदाद करताना माणशी रोज २२५० कॅलरींची रेघ आखली आणि तिच्यावरून पुढे पुण्यात चांगलंच जुंपलं. समोर होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे, रोमच्या अन्न व कृषी संघटनेतून परतलेले संख्याशास्त्रज्ञ. साठच्या दशकात जग प्रथिनांच्या टंचाईची हाकाटी करत असताना त्यांनी आकडे मांडून सांगितलं होतं, की भाकरी-वरणाने पोट भरत असेल तर प्रथिनंही बहुतेक भागतात. तुटवडा आहे तो अन्नाचाच. त्यात ते बरोबर ठरले. मग त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. एकाच माणसाची गरज दिवसागणिक कमी-जास्त होते, शरीर ते सांभाळून घेतं; तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नका. यावर दांडेकरांनी १९८१ साली सडेतोड उत्तर दिलं.

वाद मोठ्या माणसांचा होता, पण दोन्ही बाजूंची भिस्त घराघरांच्या खर्चाच्या पाहणीवर होती. घरात किती ज्वारी आली हे त्या तक्त्यात सापडतं. सगळ्यांची पानं झाल्यावर सुनेच्या वाट्याला काय उरलं, हे सापडत नाही.

ती सून संशोधनात आली १९९३ साली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांनी पुण्याजवळची सहा गावं निवडली. दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची मोजमापं गरोदरपणाआधीच घेऊन ठेवली. वजन सरासरी ४२ किलोच्या आत, उंची १५२ सेंटिमीटर. दिवस राहिले की काय खाल्लं, किती खाल्लं, शेतात किती राबली, हे सगळं टिपायचं. बाळ झालं की तीन दिवसांच्या आत त्याच्या घरी किंवा दवाखान्यात पोचायचं. सोबत वजनकाटा, टेप आणि एक चिमटा. या चिमट्यात खवाट्याखालची कातडी धरली, की तिच्याखाली चरबीचा थर किती जाड आहे ते मिलिमीटरमध्ये कळतं.

चिमट्याने घोटाळा केला. साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांचं सरासरी वजन ३.५ किलो, इथल्यांचं २.७. दंड बारीक, पोटाचा घेर लहान, सगळ्याच मापांत आपली बाळं मागे. पाठीवरची चरबी मात्र सगळ्यांत कमी मागे. म्हणजे काट्यावर किरकोळ दिसणारं बाळ चरबी राखून जन्माला येत होतं; काटकसर झाली होती स्नायूंत आणि आतल्या अवयवांत. २००३ साली हे छापून आलं आणि ‘थिन-फॅट’ हा शब्द रूढ झाला. पुढच्या वर्षी याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या जॉन यडकिन यांचा जोडीने फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. यडकिन मॅरेथॉन धावतात, आपण रोज सकाळी रुग्णालयाची लिफ्ट गाठण्यापुरते धावतो, असंही त्यांनी तिथे लिहून टाकलं.

मला या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी आयांच्या आहाराची आकडेवारी तपासली. कॅलरींचा बाळाच्या आकाराशी संबंध लागेना, प्रथिनांचाही नाही. लागला तो आईने पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा घेतलं याच्याशी. ज्या कॅलरींवरून दशकभर शाई आटली, त्या या प्रश्नापुरत्या मुक्या निघाल्या. मेथी-शेपूसारख्या भाज्यांत फोलेट हे जीवनसत्त्व असतं, दुधात बी-१२ हे. निम्म्याहून जास्त आयांना बी-१२ कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं, की आईचं फोलेट भरपूर आणि बी-१२ अपुरं असेल, तर मुलात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त. हे अडचणीचं होतं, कारण सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला लोह आणि फोलिक ॲसिडच्या, म्हणजे फोलेटच्याच, गोळ्या मिळतात, बी-१२ मिळत नाही. पुढे याच मुलामुलींना, ते वयात आल्यावर, रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन २०१२पासून नवा प्रयोग सुरू झाला. त्यांच्या पोटी आलेल्या मुलांचा बौद्धिक विकास दोन वर्षांच्या वयात सरस दिसला.

पण गोळी म्हणजे भाजी नव्हे. भाजीच देऊन पाहण्यासाठी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत त्याआधीच, २००६ साली, ‘सरस’ प्रकल्प सुरू झाला होता. साडेसहा हजारांवर स्त्रियांपैकी निम्म्यांना दिवस राहण्याआधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला रोजचा खाऊ, उरलेल्यांना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. अपेक्षा होती वजन भरघोस वाढण्याची. गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ घेतलेल्यांतही बाळं सरासरी ४८ ग्रॅमनेच जड भरली, आणि फायदा झाला तो मुळात बऱ्या अंगाच्या आयांना; सगळ्यांत कृश आयांना जवळजवळ नाहीच. गरोदरपणातला मधुमेह मात्र कांदा-बटाटा खाणाऱ्या गटात १२.४ टक्के होता आणि पालेभाजीच्या गटात ७.३.